हृदयाचे कान

मराठी भाषेने हृदयावर जितका भार टाकला आहे तितका शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवावर टाकलेला नाही. भीती वाटली की आपल्या काळजात धस्स होते. दुसऱ्याचे दुःख पाहिले की काळीज तुटते. पराक्रम करणाऱ्याची छाती मोठी असते आणि भित्र्याच्या काळजाचे पाणी होते. (खाटकाच्या दुकानात कलेजी म्हणून जे मिळते ते वस्तुतः यकृत, परंतु भाषेला शरीरशास्त्राची परीक्षा द्यायची नसते.) आणि ज्याच्यावर कशाचाच परिणाम होईनासा होतो, हाक मारली तरी जो हलत नाही, त्याचे काळीज दगडाचे असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. या शेवटच्या निवाड्याविषयी मला लिहायचे आहे. हाकेला ओ न देणारा प्रत्येक जण अपराधी असतो काय? आणि जो थकून निःशब्द झाला आहे त्याच्याशी आपण कसे वागावे. अधिक मोठ्याने हाक मारावी, की हाक थोडी आवरावी?

प्रश्न नीतीचा आहे, परंतु त्याचे उत्तर शोधताना मी वैद्यकाच्या गल्लीत शिरले. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. मी शाळेत मुले शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. आमच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे हृदय दुबळे झाले आणि त्यांच्या पत्नीबरोबर दोनचार वेळा डॉक्टरांकडे जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा या विषयाची ओढ लागली. पुढे मिळेल ते वाचीत गेले. जे समजले ते आपल्यासारख्या सामान्य वाचकाला सांगण्याजोगे वाटले, कारण त्यात औषधांपेक्षा माणसाच्या स्वभावाचीच हकिकत अधिक आहे.

हा अंक हाती घेऊन आपण बसला आहात आणि खाली अंगणात कोणा चिरंजिवांनी न सांगता एक सुतळी बॉम्ब लावला, अशी कल्पना करा. आवाज कानावर पडतो न पडतो तोच छाती धडधडू लागते. हे कसे घडते? दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन चिमुकल्या ग्रंथी आहेत. संकटाची चाहूल लागली की त्यांतून ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. त्याच्याही आधी, हृदयापर्यंत गेलेल्या चेतातंतूंच्या टोकांतून त्याचेच भावंड नॉरॲड्रिनॅलिन पाझरते. ही झाली हाक. परंतु नुसत्या हाकेने काय होणार? ऐकणारा कान हवा. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असे कान आहेत. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. मी आपली कानच म्हणेन.

१९४८ साली अमेरिकेत जॉर्जिया येथे रेमंड आल्क्विस्ट नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की हे कान एकाच जातीचे नसून दोन जातींचे असले पाहिजेत. एकच द्रव्य एका ठिकाणी रक्तवाहिनी आवळते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल करते, ते ऐकणारे वेगवेगळे असल्याखेरीज कसे शक्य होईल? त्याने त्यांना अल्फा आणि बीटा अशी साधी नावे दिली. हृदयात प्रामुख्याने बीटा. एका नियतकालिकाने त्याचा निबंध परत पाठवला, दुसऱ्याने छापला, आणि पुढे दहाएक वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लेखकमंडळींना हा अनुभव नवा नाही. शास्त्रज्ञांच्याही वाट्याला तो येतो हे वाचून मला थोडे बरे वाटले, हे लपवीत नाही.

बीटा-कानावर हाक पडली की पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते. एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो, आणि शेवटी कॅल्शियमची दारे अधिक उघडतात. स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो, ठोके भराभर पडू लागतात. हे सारे काही क्षणांत.

ही व्यवस्था कशासाठी निर्माण झाली हे पाहायला बोरीवलीकरांना दूर जावे लागत नाही. स्टेशनच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. तेथे चितळ आहे, सांबर आहे आणि बिबट्याही आहे. बिबट्याची चाहूल लागली की चितळाचे हृदय हाक ऐकते आणि ते प्राणी उधळते. पुढच्या एकदोन मिनिटांत काय तो निकाल लागतो. चितळ निसटले तरी हाक थांबते, न निसटले तरी थांबते. निसटलेले चितळ थोड्या वेळाने पुन्हा मान खाली घालून चरू लागते. निसर्गाने हाक दिली ती अशी, थोड्या वेळापुरती.

आता त्याच स्टेशनच्या पश्चिमेकडून चालू लागा. चर्चगेट येथून सुमारे ३४ किलोमीटर. गाडी फलाटाला पुरती लागण्याआधीच तिच्या दारात उडी घेणारी माणसे आपण पाहतो. आपल्यापैकी कित्येक जण त्यांतलेच. त्या उडीच्या क्षणी त्यांच्या छातीत जे चालते ते चितळाच्या छातीत चालते त्याहून वेगळे नसते. फरक इतकाच की आमचा बिबट्या निघून जात नाही. गाडी मिळाली तर कचेरीला उशीर होईल का ही धास्ती. कचेरीत साहेबाची भुवई. घरी घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीचा दहावीचा निकाल, म्हाताऱ्या आईचे गुडघे. सकाळी सहाला मारलेली हाक रात्री अकरापर्यंत चालू राहते. काही थोडी माणसे तिचाच मोठा उत्साह मानतात आणि वर त्याचे व्याख्यानही देतात.

अशी न थांबणारी हाक शांत कशी करावी, या शोधातील एक महत्त्वाचे पाऊल आमच्या मुंबईतच पडले याचा मला अभिमान वाटतो. सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी वनस्पती. वेड लागलेल्यांना आणि निद्रानाश झालेल्यांना तिची मुळी देण्याची रीत होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या वैद्यक जाणणाऱ्या दोघांनी ती रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे लिहिले होते. परंतु जगाचे लक्ष वेधले ते परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन काय करते? चेतातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रिनॅलिनच्या सूक्ष्म कुप्या भरून ठेवलेल्या असतात. रेसर्पिनने त्या भरल्याच जात नाहीत. हाक मारणाऱ्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. परंतु त्या कुप्या केवळ हृदयाशीच नसतात, मेंदूतही असतात. आणि ही मात्रा घेणाऱ्या काही रुग्णांच्या मनावर मळभ येते, कशात रस राहत नाही, अशा तक्रारी पुढे येऊ लागल्या. हाक मारणाऱ्याचेच तोंड बंद केले तर घर शांत होते खरे. पण त्या शांततेत गाणेही ऐकू येत नाही.

दुसरी वाट काढली स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. आल्क्विस्टच्या दुर्लक्षित निबंधावर विश्वास ठेवून त्यांनी विचार केला, की हाक राहू द्यावी, ऐकणाऱ्याच्या कानावर तेवढा हात ठेवावा. १९६४ साली प्रोप्रॅनोलॉल आले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बीटा-ब्लॉकर म्हणून ज्या गोळ्या आज घरोघरी दिसतात त्यांची ती थोरली बहीण. छातीत कळा येणाऱ्यांना तिने मोठा आधार दिला. तथापि एक गोष्ट सगळ्या डॉक्टरांना ठाऊक होती आणि ती पाठ्यपुस्तकांत ठसठशीतपणे सांगितलेली असे: ज्याचे हृदयच दुबळे झाले आहे, ज्याला रक्त ढकलण्याचेच बळ उरलेले नाही, त्याला ही गोळी चुकूनही देऊ नये. आधीच बैल बसलेला, त्यात त्याला हाकण्याचेही बंद करायचे?

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

हृदय दुबळे झाले की शरीराला रक्त कमी पडू लागते. बिचाऱ्या शरीराला कारण कळत नाही. त्याला वाटते, कोठे तरी जखम झाली असावी, रक्त वाहून चालले असावे. म्हणून ते हृदयाला हाका मारू लागते, मोठमोठ्याने, रात्रंदिवस. त्यात दुष्टावा तिळमात्र नाही. सबंध घर एका कमावत्याकडे पाहते आणि म्हणते, ‘ऊठ बाबा, तुझ्यावाचून आमचे कसे होणार?’ त्यातलाच हा प्रकार. १९८४ साली अमेरिकेतील जे कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील नॉरॲड्रिनॅलिन मोजले. ज्यांच्या रक्तात ते जास्त, ते लवकर दगावत.

आणि हृदय काय करते? ते कान मिटून घेते. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का या दोघांना २०१२ साली याच जातीच्या रिसेप्टरांवरील कामासाठी नोबेल मिळाले. सतत हाक पडत राहिली तर काय होते, हे लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेने बारकाईने शोधून काढले. आधी त्या कानावर एक रासायनिक खूण होते. मग अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन त्यावर झाकण घालते. तरीही हाक थांबली नाही तर तो कान पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढून घेतला जातो. १९८२ साली मायकेल ब्रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकामी झालेली मानवी हृदये तपासली, तेव्हा त्यांत बीटा-कान निरोगी हृदयाच्या निम्म्याच्या आसपासच उरलेले आढळले.

या बहिरेपणाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. हा दोष आहे, म्हणून मोठ्याने ओरडून किंवा दुसऱ्या दाराने आत शिरून हृदयाला कामाला लावले पाहिजे, हा एक. आणि हा त्या हृदयाने जीव वाचवण्यासाठी घेतलेला आडोसा आहे, हा दुसरा. बुद्धीला पहिला अर्थ चटकन पटतो, कारण तो आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. कित्येक वर्षे वैद्यकही त्याच वाटेने गेले. कान मिटले असले तरी पेशीच्या आतील निरोप्या वाढवता येतो, अशी औषधे निघाली. ती घेतल्यावर रुग्णाचे हृदय काही काळ जोमाने चाले. नातेवाइकांना हुरूप येई. मग १९९१ साली मिलरिनोन नावाच्या अशा एका औषधाच्या गोळ्यांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी अधिक निघाले. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? थकलेल्याला उठवून चालवणे यालाच त्यांनी उपचार मानले होते; आपणही मानतो.

उलट दिशेने चालण्याचे धाडस स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या फिन वाग्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले होते. १९७५ साली त्यांनी अवघ्या सात रुग्णांची हकिकत छापली. हृदय दुबळे झालेल्या या सात जणांना त्यांनी बीटा-ब्लॉकर दिले आणि त्यांची प्रकृती सुधारली. पुष्कळांना ते खरे वाटेना. पाठ्यपुस्तकातच निषेध असलेली गोष्ट! खात्री पटायला जवळजवळ पाव शतक गेले. १९९९ साली सुमारे चार हजार रुग्णांची चाचणी झाली, तीत मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांत मृत्यू एकतृतीयांशाने कमी निघाले. ज्या हृदयाला हाकणे थांबवले ते हळूहळू सावरू लागले. हाकेचा मारा थांबल्यावर काही हृदयांत मिटलेले कान पुन्हा पृष्ठभागावर येतात, हेही पुढे दिसून आले.

मात्र यात एक अट आहे, आणि मला ती सगळ्यांत शिकण्याजोगी वाटते. ही गोळी एकदम पुरी द्यायची नसते. अगदी थोड्या मात्रेने आरंभ करायचा, दोनदोन आठवड्यांनी वाढवायची. पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, रुग्णाला बरे न वाटता उलट अधिकच गळून गेल्यासारखे होते. आमच्या शेजारच्या वहिनी त्या दिवसांत एकदा माझ्याकडे येऊन रडल्या. “बाई, पूर्वी निदान दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढत होते हो. आता पहिल्याच मजल्यावर कठडा धरून उभे राहतात. असले कसले औषध?” मी काय सांगणार? डॉक्टरांनी त्यांना समजावले होते, की हृदय इतके दिवस हाकेच्या आधारानेच उभे होते. तो आधार काढला की आधी ते लटपटते, मग स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकते. समजले होते त्यांना; पण समजणे वेगळे आणि कठड्याशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहणे वेगळे.

कोणी म्हणेल, बाई, पेशींच्या गोष्टीवरून माणसांना न्याय लावणे हा कवीचा उद्योग झाला. आक्षेप रास्त आहे. हृदय म्हणजे माणूस नव्हे, याचा पुरावा पुन्हा केईएममध्येच मिळतो. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण तीन तासांच्या आसपासच जगला. पुढे कित्येक वर्षे मुंबईत ते धाडस कोणी यशस्वी करू शकले नाही. २०१५ साली पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या एका रुग्णालयात बसवण्यात आले, आणि तेव्हापासून उपनगरातल्या माणसांनाही हा शब्द परका राहिलेला नाही. रोपण केलेल्या हृदयाचे चेतातंतू तुटलेले असतात. त्याला घाबरवणाराही तंतू नाही आणि शांत करणाराही नाही. म्हणून ते स्वस्थ असतानाही मिनिटाला नव्वदशंभराच्या गतीने चालते. असा माणूस दचकला तर भीती त्याला लगेच वाटते; हृदयाला मात्र ती बातमी रक्तातून आलेल्या ॲड्रिनॅलिनवाटे उशिरा कळते. म्हणजे भय कोठे आहे? निदान ठोक्यांत तरी नाही. याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. १९२४ साली माद्रिदच्या ग्रेगोरिओ मारान्योन यांनी काही माणसांना नुसते ॲड्रिनॅलिन टोचले. छाती धडधडली, पण पुष्कळांनी सांगितले, “भ्यायल्यासारखे वाटते आहे, पण भ्यायलो नाही.”

तेव्हा हृदयाचा बहिरेपणा आणि मनाची निबरता या एक गोष्ट नव्हेत, हे मला मान्य आहे. तरीही या हकिकतीने माझा एक जुना समज मोडला. ओ न देणे म्हणजे न ऐकणे, आणि न ऐकणे म्हणजे उर्मटपणा, असा तो समज होता. शाळेत तो फार लवकर अंगवळणी पडतो. एखादा मुलगा प्रश्न विचारला की नुसता पाहत राहतो. आवाज चढवला की आणखी पाहत राहतो. वर्गातील इतर मुले हसतात, आणि तो हसण्याकडेही पाहत राहतो. घरी त्याला कोणत्या आवाजात हाका मारल्या जातात, दिवसातून किती वेळा, याची चौकशी आपण करीत नाही. त्याने किती कान आत ओढून घेतले आहेत हे मोजण्याचे यंत्र नाही. पण निदान तसे असू शकेल इतका संशयाचा फायदा त्याला देता येतो; आणि तो देण्यासाठी आवाज थोडा उतरवावा लागतो. याचा परिणाम लगेच दिसत नाही. पहिले काही आठवडे मूल अधिकच गप्प होते, आणि मुख्याध्यापकांना वाटते की बाईंचा वर्गावर वचक राहिला नाही.

हाक म्हणून वाईट, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. ॲड्रिनॅलिनची सुई कित्येकांना मृत्यूच्या दारातून परत आणते. मधमाशी डसून ज्याचा गळा सुजू लागला आहे त्याला तीच एक तारक असते. दम्याच्या रुग्णाला साधा बीटा-ब्लॉकर घातक ठरू शकतो, कारण त्याच्या श्वासनलिका उघड्या ठेवणारे कानही त्याच कुळातले. घराला आग लागली असता हळू आवाजात बोलणे याला दया म्हणत नाहीत.

माझी अडचण वेगळीच आहे, आणि तिचे उत्तर मला सापडलेले नाही. गोळीने हृदयाच्या कानावर हात ठेवला; फार चांगले झाले. पण हाक मारणारे सारे जसेच्या तसे राहिले. गाडी तीच, दारातली उडी तीच, साहेब तोच. मग आपण हृदयाचे रक्षण करीत आहोत, की त्याने आणखी काही वर्षे चाबूक सोसावा अशी सोय करून देत आहोत? घोड्याच्या पाठीवर जाड घोंगडी टाकणाऱ्याचा कळवळा घोड्यासाठी असतो की फटक्यांच्या संख्येसाठी? डॉक्टरांना हे विचारणे योग्य नव्हे. त्यांच्यासमोर रुग्ण असतो, पश्चिम रेल्वे नसते. परंतु ज्यांच्या हाती हाक आवरणे आहे अशी माणसे प्रत्येक घरात, प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक कचेरीत आहेत. त्यांच्यासाठी अशी गोळी कोणी काढलेली नाही. गोळी नेहमी ऐकणाऱ्यालाच घ्यावी लागते. हे मला अन्यायाचे वाटते, आणि ते वैद्यकाने दूर होण्याजोगे नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी कचेरीत अर्ज दिला आहे: कामाची वेळ दोन तासांनी पुढे करावी, म्हणजे गर्दी ओसरल्यावर निघता येईल, पगार थोडा कापला तरी चालेल. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. अर्ज देऊन तीन महिने झाले. उत्तर आलेले नाही. गोळी साडेबारा मिलिग्रॅमवरून पंचवीसवर आणि पंचवीसवरून पन्नासवर गेली आहे. परवा ते दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढले, असे वहिनी सांगत होत्या.